निळं झाकण, हिरवं झाकण

१

कचऱ्याच्या गाडीवालीने कागदाच्या पिंपाचं निळं झाकण उचललं, आत डोकावली आणि खिशातून कचरा नाकारल्याची लाल पट्टी काढली.

"थांब, थांब गं बाई!" मी जिन्यावरून जवळजवळ लोळतच खाली आले. "झालं काय?"

"तुम्हीच बघा, मावशी."

बघितलं. खाली वर्तमानपत्रांचे नीट बांधलेले गठ्ठे, चपटी केलेली खोकी, आणि त्या सगळ्यावर ओतलेला ओला कचरा. संत्र्याची सालं, अंड्यांची टरफलं, चहाचा चोथा. त्याचं पाणी झिरपत पार तळापर्यंत गेलं होतं. आठवडाभराचा कागद मातीमोल झाला होता.

"दुसऱ्यांदा झालं हे," गाडीवाली म्हणाली. वाईट तिलाही वाटत होतं, पण पट्टी चिकटवायचा तिचा हात काही थांबला नाही. "आणखी एकदा असं निघालं तर ही इमारत आमच्या फेरीतून गाळतील. मग मी काही करू शकणार नाही हो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही कचऱ्याची खोली मी कशी मिळवली ते मला विचारा! तळमजल्यावर मोडक्या सायकली आणि कुणाचा तरी जुना पाळणा ठेवायला पडून असलेली खोली. तिच्यासाठी मी दारोदार फिरले, सह्या गोळा केल्या, पालिकेच्या कचेरीतली बाकडी झिजवली. शेवटी इमारतीच्या सभेत जेमतेम एका मताने ती मिळाली. चार पिंपं आली, सगळी एका मापाची, फक्त झाकणांचे रंग वेगळे. निळ्याखाली कागद, हिरव्याखाली ओला कचरा, पिवळ्याखाली प्लास्टिक आणि पत्रा, पांढऱ्याखाली काच. आता तर शेजारच्या इमारतीही 'आम्हालाही अशी खोली काढून द्या' म्हणून माझ्या मागे लागल्यात. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, पण माझं ऐकून कुणी खरोखर काही बदललं असेल तर ते या खोलीत. बाटली वेगळी आणि तिचं झाकण वेगळं टाका, म्हणून मी लोकांना जिन्यात अडवते. म्हणून गल्लीत मला झाकणमावशी म्हणतात. म्हणेनात का! मला आवडतं ते नाव.

गाडी गेल्यावर मी हातमोजे चढवले आणि तो सगळा ऐवज एका परातीत काढला. पुरावा म्हणजे पुरावा. सालं बारीक कापलेली होती. टरफलं अगदी भुगा होईपर्यंत चुरलेली. चहाच्या टी-बॅगा फाडून चोथा मोकळा केलेला, पण त्यांचे दोरे नाहीत, चिठ्ठ्या नाहीत, एकही पिन नाही. हे सगळं ज्या पिशवीतून आणलं असेल ती पिशवीही नाही. इतकं बघितलं आणि तरी माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही, कारण राग आला की माझी बुद्धी आधी बाहेर फिरायला जाते.

"सगळ्यांनी ऐका!" मी जिन्याच्या तळाशी उभी राहून ओरडले. दारं उघडली, डोकी बाहेर आली. "पहिल्या खेपेला मी चूक म्हणून सोडून दिलं. ही चूक नाही, कुणीतरी दावा साधतंय! रविवारच्या सभेत त्या माणसाला मी सगळ्यांसमोर उभा करणार, मग तो कुणीही असो!"

वरच्या कठड्याशी आमचे हे उभे होते.

"काय निघालं त्यात?" ह्यांनी विचारलं.

"संत्र्याची सालं, अंड्याची टरफलं आणि चहा!"

हे आत गेले आणि दार लोटून घेतलं.

२

घरी आले तर ह्यांनी चहा ओतून ठेवला होता. निम्मा बशीत.

"लक्ष कुठे असतं हो तुमचं?"

"तुझ्याकडे," हे म्हणाले. "हा नवा स्वेटर ना? निळा रंग खुलतो तुला."

स्वेटर हिरवा होता. आमच्या मोहिमेचा रंग म्हणून मुद्दाम विणून घेतलेला. पण मी म्हटलं, चेष्टा करतायत झालं. ह्यांची चेष्टा कळायला दोन दिवस लागतात, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस, घाई कशी ती नाहीच. दुकान बंद केल्यापासून स्वयंपाकघर ह्यांनी ताब्यात घेतलंय, आणि खरं सांगायचं तर मी ते आनंदाने सोडलंय. मला सभा, निवेदनं, लोकांची दारं. ह्यांना चूल, भांडी, घरातली बादली.

"थोडा पेपर वाचून दाखवतेस?" ह्यांनी विचारलं. हल्ली ही एक नवीन खोड. म्हणे, माझ्या आवाजात बातमीही बरी वाटते.

"आत्ता? आत्ता मला गुन्हेगार पकडायचाय."

"मग राहू दे," हे म्हणाले, आणि पेपर घडी करून बाजूला ठेवला.

मी तडक दुसऱ्या मजल्यावर गेले. पहिला संशय कुणावर घ्यायचा हे सांगायला हेर कशाला हवा? मोटारभाऊ! ह्यांच्याशी पत्ते खेळणारा, आणि माझ्या खोलीचा एक नंबरचा वैरी. त्या सभेत विरोधातली सगळी मतं ह्याच माणसाने जमवली होती. त्यांना ती खोली त्यांच्या मोटारीसाठी हवी होती. मोटार उन्हात उभी राहिली की तिचा रंग जातो म्हणे. तिला पुसतात ते असं, की पोटच्या पोराला न्हाऊ घालावं.

"या वहिनी," त्यांनी दार उघडलं. "अटक करायला आलात?"

"खोली गेली तर फायदा कुणाचा?"

"माझा. उघड आहे." माणूस बेरकी खरा, पण तोंडावर बोलणारा. "मला खोली हवी आहे आणि मी ती मागतच राहणार. पण मत मागून, कचऱ्यात हात घालून नाही. शी! आणि एक सांगतो, आमची ही गेलीय लेकीकडे. घरात चूल पेटलेली नाही. बघा की."

बघितलं. ओट्यावर बाहेरून आणलेल्या जेवणाचे डबे रचलेले, न धुता. माझ्या काळजाला घरं पडली, पण ओल्या कचऱ्याचा मागमूस नव्हता.

"आणि वहिनी," दार लावता लावता ते म्हणाले, "मला तुमचं वाटोळं करायचं असतं तर मी पिंपात मोटारीचं जुनं तेल ओतलं असतं. दुष्मनी करायला निघालेला माणूस अंड्याची टरफलं कुटत बसेल का?"

मी जिन्यात थांबले. राग तसाच होता, पण बुद्धी फिरून परत आली होती. खरंच की! एवढी निगुतीने सालं कापणारा, टी-बॅगेची पिनसुद्धा काढणारा माणूस खोलीचा शत्रू कसा असेल? मी प्रात्यक्षिकात घसा फोडून सांगितलं होतं की पिना काढा, दोरे काढा, टरफलं चुरा. कुणी ऐकत नाही म्हणून मी कानाला खडा लावला होता. म्हणजे ह्या इमारतीत कुणीतरी माझा शब्द न् शब्द पाळत होतं, आणि तोच माणूस माझी खोली बुडवायला निघाला होता.

३

खाली रखवालदार झाडू मारत होता. त्याला विचारलं तर आधी आढेवेढे, मग म्हणाला, "मी तर परवापासून काल दुपारपर्यंत सुट्टीवर होतो, बाई. पण दूधवाला सांगत होता, काल सकाळी वरची नर्स रिकामा डबा घेऊन खोलीतून बाहेर येताना दिसली. अगदी उजाडता उजाडता."

नर्स! वरच्या मजल्यावर एकटी राहणारी गोड मुलगी. रात्रपाळी करून येते, दिवसा झोपते. मला तिच्याबद्दल कधी तक्रार नव्हती, पण गोड माणसंच जास्त दगा देतात असं म्हणत मी तिची घंटा वाजवली.

डोळे चोळतच तिने दार उघडलं. "मावशी? काय झालं? काका बरे आहेत ना?"

"काकांना काय धाड भरलीय! मी तुझ्याबद्दल विचारायला आलेय." आणि मी सगळं सांगितलं.

तिने मला आत बसवलं, कॉफी दिली. तिच्याकडे चहाच नव्हता. चहाने पित्त होतं म्हणून ती घरात आणतच नाही. म्हणजे ही पण सुटली.

"खोलीत गेले होते मी," ती म्हणाली. "काल जरा विचित्रच होतं. हिरवं झाकण रोज दाराजवळ असतं ना? ते काल खिडकीपाशी होतं. दाराजवळ निळं. मी सवयीने निळंच उचलणार होते, मग रंग दिसला आणि थांबले."

"पिंपं हलवली होती?"

"जागा बदलली होती. का ते मला नाही माहीत."

मी कॉफीचा कप खाली ठेवला. "मी बघितलं तेव्हा तर सगळी जागच्या जागी होती."

ती मग कपाशी चाळा करत म्हणाली, "मावशी, तुम्ही काकांना विचारलंत का? ते सगळ्यांच्या आधी खाली येतात. मी परत येते तेव्हा जिन्यात भेटतात रोज."

"त्यांनी कुणाला पाहिलं असेल असं म्हणतेस?"

"मी एवढंच म्हणतेय, की त्यांना विचारा. पण…" तिने माझा हात धरला. "रागाने नका विचारू."

आता ह्यात रागाचं काय? साक्षीदाराला कुणी रागावतं? मी धावतच खाली घरी आले. साक्षीदार माझ्याच घरात बसला होता आणि मी गावभर हिंडत होते!

"अहो, काल सकाळी तुम्ही खाली गेला होतात ना? कोण होतं खोलीत?"

हे खिडकीशी बसले होते. मान वळवली, पण माझ्याकडे न बघता माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत म्हणाले, "कुणी नव्हतं."

"आठवून सांगा. तुमच्या आधी किंवा नंतर?"

"कुणीच नव्हतं गं. मी एकटाच होतो." आणि मग हळूच, "सभा रविवारीच आहे ना?"

"हो. का?"

"काही नाही. मी येणार आहे सभेला."

हे कधी सभेला येत नाहीत. सभा म्हटलं की ह्यांची पाठ दुखते. 

४

पिंपांच्या जागा बदलतो कोण आणि परत लावतो कोण? ह्याचं उत्तर एकाच माणसाकडे असणार होतं. मी पुन्हा रखवालदाराला गाठलं.

"बाई, मी काही केलं नाही!" तो आधीच घाबरला.

"तू केलंस असं कोण म्हणतंय? मला फक्त सांग, गाडी येऊन गेल्यावर पिंपं आत कोण नेतं?"

"मीच की. ते लोक रिकामी करून दारात ठेवतात, मी आत ओढतो. दाराजवळ हिरवं, मग निळं, पिवळं, आणि खिडकीपाशी पांढरं. तुम्हीच लावून दिलंय ना तसं. कधी चुकत नाही."

"आणि तू सुट्टीवर असलास की?"

"मग रोज ओला कचरा नेणारे ते लोक स्वतःच आत ढकलतात, मधे येणारं कागदाचं भरलेलं पिंपही सरकवून, कशीही. त्यांना काय त्याचं?" तो हसला. "मी आलो की पहिलं काम ते. झाकणं बघून सगळी जागेवर लावतो. आत बघायला कशाला जातोय? पण ते दुसऱ्या दिवशी. मधली एक सकाळ तशीच जाते."

"पहिली लाल पट्टी लागली, त्याच्या आधी तू सुट्टीवर होतास?"

तो विचारात पडला. झाडूची मूठ हनुवटीला टेकवली. "होतो की. भाच्याचं बारसं होतं. आणि आता ही परवाची सुट्टी." मग त्याच्याही ध्यानात आलं. "बाई, म्हणजे माझ्यामुळे…?"

"नाही रे बाबा. तुझ्यामुळे नाही."

मी खोलीत गेले आणि दार लोटून उभी राहिले. आत अंधुक उजेड. एकच लहान खिडकी, दिवा लावायचा मी पालिकेला केव्हापासून सांगतेय. ओल्या पिंपाचा वास खोलीभर सारखाच, त्यामुळे नाकाने काही कळायचं नाही. आता सगळं माझ्यासमोर होतं. दोन्ही वेळा पिंपांची जागा बदललेली. दोन्ही वेळा कुणीतरी दाराजवळचं झाकण उचललं, रंगाकडे न बघता, कारण ओला कचरा दाराजवळच असतो ह्याची त्याला खात्री होती. दावा नव्हताच तो. त्याने आपल्या मते अगदी बरोबर पिंपात, अगदी माझ्या पद्धतीने तयार केलेला कचरा टाकला होता.

पण डोळ्यांसमोर एवढं मोठं निळं झाकण असताना कुणी ते का बघणार नाही? आत कागद पांढरा फटफटीत दिसत असताना?

टी-बॅगेची पिन काढणारा माणूस. बोटांनी काम करायची सवय असलेला. सगळ्यांच्या आधी खाली येणारा. कठड्यावरून 'काय निघालं' विचारून गप्प आत जाणारा. आणि हिरव्या स्वेटरला निळा म्हणणारा.

मी तिथेच उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसले. अख्ख्या गल्लीची पिंपं मी उघडून बघते, लोकांच्या घरात नाक खुपसते, पण माझ्या स्वयंपाकघरातली बादली मी कित्येक महिन्यांत उघडून पाहिली नव्हती. पाहिली असती तर परातीतला तो ऐवज कुणाच्या घरचा ते मला पहिल्याच मिनिटाला कळलं असतं.

५

घरात आले. हे ओट्याशी उभे होते, पाठमोरे. दुपारच्या चहाच्या टी-बॅगा फाडत होते. मी दारात थांबून बघत राहिले. ह्यांनी चिठ्ठी चिमटीत धरली, नखाने पिन उकलली, ती एका लहानशा डबीत टाकली. दोरा वेगळा. चोथा बादलीत. ओट्याकडे एकदाही बघितलं नाही. मान जरा वाकडी करून, कोपऱ्यातल्या भिंतीकडे बघत होते, आणि बोटं आपली चालली होती, जशी पूर्वी घड्याळात चालायची.

मी जाऊन समोर उभी राहिले.

"अहो, माझ्या अंगावर कुठल्या रंगाचा स्वेटर आहे?"

बोटं थांबली.

"निळा," हे म्हणाले. मग थोड्या वेळाने, "नाही ना?"

"हिरवा आहे."

"असं होय." ह्यांनी डबीचं झाकण लावलं. "मला तो निळाच वाटत राहिला. पण खुलतो तुला, हे खोटं नाही."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकदम कसं करायचं ते मला कधी जमलं नाही. "कधीपासून?"

"गेल्या थंडीपासून. समोर जे असतं ना, नेमकं तेच पुसलं जातं. कडेचं दिसतं. त्यामुळे चालता येतं, जिना उतरता येतो. पण अक्षर दिसत नाही. पत्ते दिसत नाहीत. मोटारभाऊला वाटतं मी मुद्दाम हरतो." हे हसले. "तुझा चेहरा बघायचा तर तुझ्या कानाकडे बघावं लागतं."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं. नर्स घेऊन गेली होती. पार अंधार होणार नाही म्हणाले. पण गेलेलं परत यायचं नाही."

"तिला माहीत आणि मला नाही?" माझा आवाज चढला. "शेजारच्या पोरीला घेऊन जाता डॉक्टरकडे, आणि मी काय मेले होते?"

"तिला मी सांगितलं नाही. जिन्यात तिने ओळखलं. मग तिच्याकडून शब्द घेतला." ह्यांनी माझा हात शोधला आणि तो लगेच सापडला. "तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"काय म्हणजे? घरी बसले असते! तुमच्याजवळ!"

"तेच. खोली त्याच वेळी नुकती मिळाली होती. तू जिन्यावरून गात गात खाली जायचीस. इतक्या वर्षांत तुला गाताना मी ऐकलं नव्हतं. ते बंद पडू द्यायचं माझ्या जिवावर आलं."

मी खाली बसले. हेही बसले.

"पहिल्या पट्टीच्या वेळी मला माहीत नव्हतं," हे म्हणाले. "पण आज सकाळी तू सालं आणि टरफलं म्हणालीस तेव्हा कळलं. तुझी खोली वाचावी म्हणून तोंड मिटून बसलो, आणि ती बुडवायला निघालो मीच. रविवारी उभा राहून सांगणार होतो. तू म्हणालीस ना, कुणीही असो."

मी म्हणाले होते. अख्ख्या इमारतीसमोर, घसा ताणून.

"मी तुम्हाला उभं करणार नाही," मी म्हटलं. "सांगेन की सापडला नाही. पुढच्या सुट्टीला पिंपं मीच लावीन."

"आणि लोक मोटारभाऊवर संशय घेत राहतील? त्या पोरीवर?" हे मान हलवत राहिले. "नाही गं. तू वर्गात असं कधी केलं नसतंस."

६

रविवारी सभेला जिना भरला. बाहेरच्या इमारतींतले लोकही आले होते. कचऱ्यात एवढा रस लोकांना आधी कधी नव्हता. मोटारभाऊ पहिल्या पायरीवर हाताची घडी घालून बसले होते. नर्स झोप सोडून आली होती.

मी उभी राहिले. 

"आधी एक सांगते. मी दावा म्हटलं, ते चुकलं. आपल्या खोलीत दावा साधायला कुणी आलंच नव्हतं." मग मी एकेक करून सगळं सांगितलं. बारीक कापलेली सालं, काढलेल्या पिना, पिशवी नाही. रखवालदाराच्या सुट्ट्या आणि अदलाबदल झालेली पिंपं. "हे ज्याने टाकलं तो या इमारतीतला सगळ्यात चोख वर्गीकरण करणारा माणूस आहे. तो जागेवरून पिंप ओळखत होता, रंगावरून नाही. कारण रंग त्याला…"

 मला वाटलं होतं मी निभावून नेईन.

"कारण रंग मला दिसत नाही," मागून हे म्हणाले. कठडा धरून उभे राहिले होते. "मीच टाकला तो कचरा. दोन्ही वेळा. माफ करा मंडळी."

 मोटारभाऊंच्या हाताची घडी सुटली.

"म्हणजे," ते म्हणाले, "पत्त्यांत तू मुद्दाम हरत नव्हतास?"

"नाही रे."

"आणि मी सगळ्यांना सांगत फिरलो की मी हुशार झालोय!" मोटारभाऊ उठले, जिना चढून वर आले आणि ह्यांच्या शेजारी उभे राहिले.  नाक ओढलं, खाकरले. मग माझ्याकडे वळून दरडावल्यासारखे म्हणाले, "वहिनी, खोली तुम्ही काढलीत ती डोळसांसाठी. पिंपं भिंतीला जखडून का नाही टाकली? जागा बदलायचा प्रश्नच आला नसता!"

"जखडली तर गाडीत रिकामी कशी करणार?"

"मग जमिनीवर चौकटी ठोका. ज्याची त्याची चौकट. आणि वर हाताला कळेल अशी काहीतरी खूण. माझ्याकडे ड्रिल आहे." इतक्यात त्यांना आपली बाजू आठवली. "ह्याचा अर्थ मी खोलीवरचा हक्क सोडला असा नाही. मोटार उन्हात आहे ती आहेच. आणि वास येतो तो येतोच."

"मी दिवा बसवतो," रखवालदार म्हणाला. "पालिकेची वाट कशाला बघायची?"

 नर्स रडत होती आणि हसतही होती. तिला दोन्ही एकदम जमत होतं.

खुणेचा प्रश्न मी सोडवला. झाकणमावशी कशाला म्हणतात मला! बाटल्यांची झाकणं माझ्याकडे पोतंभर. कागदाच्या पिंपावर एक झाकण चिकटवलं, ओल्यावर दोन शेजारी शेजारी, प्लास्टिकवर तीन, काचेवर चार. शेजारच्या इमारतींच्या खोल्या सुरू झाल्या तेव्हा तिथेही तशीच लावली. तिसरी लाल पट्टी आजवर लागलेली नाही. गाडीवाली निळं झाकण उचलते, आत बघते आणि माझ्याकडे बघून मान डोलावते.

मोहीम मी सोडली नाही. ह्यांनी सोडू दिली नाही. फक्त सकाळचा पेपर आता पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचते, आणि निवेदनं लिहिताना ह्यांना ऐकवते. हे म्हणतात, जरा कमी ओरड, माणसं आपोआप ऐकतील. बघू.

सकाळी आम्ही बादली घेऊन दोघं खाली जातो. बादली ह्यांच्याच हातात असते, मी मधे हात घालत नाही. हे खोलीत शिरतात, दाराजवळच्या पिंपावरून तळवा फिरवतात, दोन झाकणं चाचपतात आणि म्हणतात, "हं, ओला." मग सालं आत पडतात.

वर येताना पहिल्याच पायरीवर हे मला रोज विचारतात, "आज कुठल्या रंगाचं घातलंयस?"

"हिरवं," आज मी सांगितलं.

ह्यांनी माझ्या कानाकडे बघितलं.

"खुलतो तुला," हे म्हणाले.